आधी घड्याळ बघा

सोमवार, १९ जानेवारी

बाळापूरहून आणलेलं सामान: घड्याळाचे सेल पाच, ७५ रुपये. शंभरपानी रजिस्टर एक, ४५. जाड पुठ्ठा, २०. स्केचपेन लाल आणि काळा, २०. बसचं अर्धं तिकीट जाऊन-येऊन ३०. एकूण १९०. घड्याळ एकही घेतलं नाही. घरोघरी लग्नाच्या आहेरात आलेली घड्याळं भिंतीवर आहेतच, सेल संपला तशी बंद पडलेली. शेजारच्या शिलाकडे तर तीन आहेत, त्यातलं एक अजून खोक्यातून निघालं नाही.

या वहीत आजवर मी खर्चच लिहिला. आजपासून मागच्या पानांवर हे लिहिणार. कुणाजवळ बोलायची सोय नाही. राणीचे पप्पा चाकणला कंपनीत, त्यांच्या जिवाला घोर कशाला लावू?

गुरुवारी जमीन पुन्हा गुरगुरली. आधी लांब कुठंतरी मुरुमाचा ट्रक खाली केल्यासारखा आवाज, मग मांडणीतली भांडी आपोआप वाजली. काही वर्षांपासून हे चालू आहे. लोक म्हणतात सवय झाली. मला झाली नाही. या वेळी शाळेच्या खोलीत खिडकीच्या वर भेग पडली. माझं बोट जातं तीत. त्याच एका खोलीत पहिली ते चौथीची एकोणीस लेकरं बसतात. माझी राणी दुसरीत आहे.

सर म्हणतात, वरून लेखी आल्याशिवाय मला खोली बंद करता येत नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विचारलं, "आवाज किती वाजता आला?" कोणी म्हणालं दुपारची बस गेल्यावर, कोणी म्हणालं बस यायच्या आधी. नानीबाई म्हणाल्या, "मी भाकर थापून राहिले होते तवा." साहेबांनी लिहिलं, वेळ निश्चित नाही. जाताना मला म्हणाले, "ताई, चार-पाच घरांनी आपापली लिहिलेली वेळ आणा. भूकंप मोजायच्या यंत्राशी जुळली तर कागद पुढं सरकंल."

मोठी माणसं दिवसभर रानात आणि मोबाइल त्यांच्या खिशात. घरी राहतात म्हाताऱ्या आणि लेकरं. मी एकटी लिहीन ते एकाच घरचं होईल. लेकरांना घड्याळ शिकवायचं ठरवलं.

मंगळवार, २० जानेवारी

पाच घरी जाऊन सेल टाकले. सगळी घड्याळं आमच्या घड्याळावर लावली. शाळा सुटल्यावर सहा लेकरं अंगणात बसली. पुठ्ठ्याचं घड्याळ कापलं, काटे खराट्याच्या काड्यांचे.

मी सांगितलं, "लहान काटा म्हणजे आपल्या आत्याबाई. हळू चालतात. मोठा काटा म्हणजे मी. सगळ्या घरातून एक फेरी मारून येते, तवा कुठं आत्याबाई एक पाऊल टाकतात."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावरून म्हणाल्या, "व्हय, पण वाजले किती हे मलाच इचारावं लागतंय. मोठ्या काट्याला कोण इचारतंय?"

लेकरं खूप हसली. मीही हसले. हसताना माझं लक्ष जमिनीकडे होतं.

शुक्रवार, २३ जानेवारी

पाचचा पाढा सगळ्यांना येतो, तेवढं बरं झालं. अडचण भलतीच निघाली. शिलाचा धम्मदीप पहिलीत आहे. साडेतीन, साडेचार बराबर सांगतो आणि मग म्हणतो, "साडेएक."

"साडेएक म्हणत न्हाईत रे. दीड."

"काहून?"

"तसं म्हणायची रीत हाय."

"मंग साडेदोन?"

"अडीच."

"घड्याळ कोण केलं काकू? त्याला येत नव्हतं का?"

पावणेतीनला तो तीन पंचेचाळीस लिहितो. त्याला सांगितलं, पावणे म्हणजे अजून पोचलं नाही, पाव रस्ता राहिलाय. तो काट्याकडे बघत बसला. म्हणाला, "म्हंजी तीन लांबून दिसून राहिलं." पोरगं हुशार आहे.

दवंडी झाली की पत्र्यांवरचे दगड काढून घ्या. आमचे नऊ दगड मी एकटीने उतरवले. आता वाऱ्याची भीती.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी वंदना चालू असताना आवाज आला. मोठा नव्हता. मेणबत्तीची ज्योत सरळच होती, पण ओट्यावरची बादली वाजली. त्रिशरण म्हणता म्हणता माझी जीभ अडकली, पुढची ओळ राणीने म्हटली. मला लाज वाटली. भीती सोडायला शिकवणाऱ्याला हात जोडायचे आणि थरथर कापायचं.

आणि लिहिलं कोणीच नाही! सगळी लेकरं आपापल्या आईला जाऊन चिकटली. मी स्वतःसुद्धा राणीला धरून बसले. घड्याळाकडे बघितलं तोवर सगळं शांत होऊन किती वेळ झाला होता कोण जाणे.

दुपारी सहाही जणांना बोलावलं. नियम केला: आवाज आला की आधी घड्याळ बघा. रडायचं नंतर, सांगायचं नंतर. तीनदा म्हणून घेतलं. मग मी दाराआड परात वाजवायची आणि त्यांनी जिथं असतील तिथून घड्याळाखाली पळत यायचं, असा सराव घेतला. चौथ्यांदा सगळी आली. चौथीतला प्रज्ञेश पहिला.

आत्याबाई म्हणाल्या, "मिना, जमीन का तुझ्या घड्याळाकडं बघून हलती का गं?"

बुधवार, २८ जानेवारी

आला. चांगला मोठा. माझ्या हातातलं पीठ सांडलं. राणी अंगणातून धावत आत आली ती थेट घड्याळाखाली. सव्वासहा. मी रजिस्टर घेऊन घरोघरी गेले. शिलाकडे सव्वासहा. नानीबाईकडे सव्वासहा. प्रज्ञेशने सहा वाजून सोळा लिहिलं, तो मिनिटं मोजतो. चार घरं एक! माझे डोळे भरून आले.

राणीच्या पप्पांना कुणीतरी कळवलं. आठ वाजता त्यांचा फोन आला. एरवी रविवारीच करतात, ओव्हरटाइममुळे दमतात. आज राणीशी अर्धा तास बोलले. ती त्यांना सगळं पुन्हा पुन्हा सांगत होती, भांडी कशी वाजली ते तोंडाने वाजवून दाखवत होती.

शुक्रवार, ३० जानेवारी

राणीला आवाज आला, सात वाजून दहा मिनिटांनी. मला आला नाही. शिलाकडेही नाही. राणीने स्वतः नोंद केली, अक्षर छान. मग म्हणाली, "मम्मी, आता पप्पाला सांग." फोन केला, बोलले बिचारे. लेकराचे कान तिखट आहेत. मी इतकी कान लावून बसते, मला ऐकू येत नाही, म्हणजे हा आवाज किती खोलातला असेल! रात्रभर तेच डोक्यात.

रविवार, १ फेब्रुवारी

माघ पौर्णिमा. उपवास. विहारात गेले. पांढरी साडी दोन वर्षांपूर्वीचीच, इस्त्री घरी केली. सगळ्यांनी काही ना काही दान दिलं. माझ्या मनात आलं, शाळेत घड्याळ नाही. दिवसातले सात तास लेकरं तिथं, तेव्हा आवाज आला तर वेळ कोण लिहील? शिलाच्या खोक्यातलं घड्याळ तिला मागितलं.

"ने की," ती म्हणाली. "लग्नात माझ्या मामानं देलं. मामाची येळ कधीच बराबर नव्हती, घड्याळाची तरी असंल."

सोमवार, २ फेब्रुवारी

घड्याळ शाळेत दिलं. खोलीत खिळा एकच आहे, खिडकीशेजारी. भेगेपासून हातभर अंतर. मी म्हटलं, सर, दुसरीकडे लावता येईल का? सर म्हणाले, "नवा खिळा ठोकायचा म्हणजे भिंतीला हादरा द्यायचा. असलेला बरा." ते पटलं. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. आता एकोणीसच्या एकोणीस जणांना नियम पाठ आहे. प्रज्ञेशने शिकवला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मंगळवारी एक आवाज सगळ्या घरांना आला, साडेपाचला. आणि राणीला एकटीला आजवर पाच आले. सगळे संध्याकाळचे, सात ते आठ. पप्पांची सुट्टी त्याच वेळी होते म्हणून फोन तरी लागतो, नाहीतर मी एकटीने काय केलं असतं!

आज झोपताना विचारत होती, "मम्मी, किती आवाज झाल्यावर पप्पा येतेत?"

मी तिला पोटाशी घेतलं. सात वर्षांच्या लेकराला एवढी भीती. मी म्हटलं, आवाज आता बंद होतील. तिला उलट रडू आलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

रजिस्टर घेऊन तालुक्याच्या हापिसात गेले. भाकरी बांधून नेली, चहासुद्धा घेतला नाही. तिथल्या क्लार्कनी यंत्राचा कागद काढला, माझं रजिस्टर शेजारी ठेवलं, पेन्सिल फिरवली आणि हसले.

"ताई, तुमची जमीन यंत्रापेक्षा वीस मिनिटं उशिरा हलती का?"

यंत्रात पाच पंचावन्न. आमच्याकडे सव्वासहा. यंत्रात पाच दहा. आमच्याकडे साडेपाच.

तेव्हा आठवलं. आमचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. राणीच्या पप्पांनी लग्नाच्या वर्षीच पुढे केलेलं, सकाळची बस चुकू नये म्हणून. घरात सगळ्यांना माहीत. इतकं माहीत, की माझ्या ध्यानातच राहिलं नाही. आणि मी पाचही घरची घड्याळं त्यावरच लावली, शाळेचंही.

मी सांगून बघितलं, वीस वजा करा, सगळं जुळतं. ते म्हणाले, लिहिलेल्या नोंदीत खाडाखोड चालत नाही, आजपासून नवीन सुरू करा. मग राणीच्या पाच नोंदींवर बोट ठेवलं. "आणि ही तर वीस वजा करून बी कुठंच न्हाईत."

"माझ्या लेकीचे कान तिखट आहेत," मी म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. यंत्र ज्यांच्याकडे असतं त्या साहेबांचा पत्ता लिहून दिला. म्हणाला, त्यांना पोस्टानं लिहा, ते उत्तर देतात.

येताच आमचं धरून सातही ठिकाणची घड्याळं मोबाइल बघून बराबर केली. आत्याबाई म्हणाल्या, "आता सकाळची बस चुकल."

मंगळवार, १० फेब्रुवारी

आजच लिहिते, उद्या आठवणार नाही म्हणून.

दुपारी तूर पाखडत होते. सूप हातातून उडालं. आवाज आणि हलणं एकदमच. मांडणीतला डबा खाली आला. आत्याबाईंना ओढून अंगणात आणलं. मनात एकच, दुपारची सुट्टी आहे, लेकरं मैदानात असतील, बरं झालं, बाहेर असतील.

शाळेकडे धावले. मैदान रिकामं होतं.

एक चप्पल पडली होती, आणि चेंडू. एकोणीसच्या एकोणीस लेकरं मैदानातून पळत खोलीत गेली होती. दारात सर ओरडत होते, "बाहेर या! अरे बाहेर!" आतून प्रज्ञेशचा आवाज आला, "थांबा सर, मिनिटं मोजून राहिलो."

मी दारात पोचले आणि खिडकीवरचं खाली आलं. विटा तीन-चार आणि परातीएवढा गिलावा. सगळं पांढरं, काही दिसेना. मी राणीचं नाव घेतलं की धम्मदीपचं, आठवत नाही. दोन-दोन लेकरं हाताला धरून ओढली.

राणीच्या केसांत चुना, बाकी काही नाही. धम्मदीप लहान म्हणून त्याला सगळ्यांनी पुढे केलं होतं, नीट दिसावं म्हणून. डोक्याला खोक पडली. सरांच्या गाडीवर त्याला घेऊन बाळापूरला गेलो. सहा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता.

टाके घालताना तो रडला नाही. मूठ आवळून होता. नर्सबाईंनी हात धुवायला मूठ उघडली तर ओरडला. तळहातावर पेनने लिहिलं होतं, १.४५.

"काकू, पावणेदोन," तो म्हणाला. "या बारीला बराबर लिवलं ना?"

बुधवार, ११ फेब्रुवारी

शिलाकडे गेले. ती भांडी घासत होती. मी सांगायचं ठरवून गेले होते की मी खोलीत पळा असं कधीच म्हटलं नाही, मी फक्त म्हटलं होतं आधी घड्याळ बघा.

शिलाने वर बघितलं नाही. म्हणाली, "मिना, कोंबडीचं पिलू बी हादरा बसला की उघड्यावर पळतंय. आपल्या लेकराला आपुन आत पळायला शिकविलं."

आपुन म्हणाली. तू म्हणाली असती तर मला बोलता आलं असतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

घरातलं घड्याळ उतरवलं. लेकरांना बोलावलं. धम्मदीपही आला, पट्टी बांधून, शिलाने पाठवलं. तिचे उपकार कसे फेडू? नवीन नियम सांगितला: आवाज आला की बाहेर, उघड्यावर, घड्याळ बघायचं नाही.

"मंग टाइम कसा कळल?" प्रज्ञेश म्हणाला.

"कळू नये."

"साहेब म्हणतील, वेळ निश्चित न्हाई."

मी दाराआड गेले आणि परात वाजवली. सहापैकी चार जणं अंगणातून घरात पळत आली. रिकाम्या खिळ्याखाली जाऊन उभी राहिली. मग एकमेकांकडे बघून ओशाळली. पुन्हा वाजवली. पुन्हा तीन आत. तोंडाने म्हणतात बाहेर आणि पाय आत येतात. अंधार पडेपर्यंत परात वाजवली. राणी बाहेर पळते, पण दारात क्षणभर थांबते. विटा पडायला तो क्षण पुरतो.

सरांनी लेकरं लिंबाखाली बसवली आहेत, स्वतःच्या जबाबदारीवर. पडलेला भाग झाडून काढला. म्हणाले, "ताई, मला बी नोकरी हाय. २३ तारखेच्या सोमवारपर्यंत लेखी आलं न्हाई तर आत बसवावंच लागंल."

रविवार, १५ फेब्रुवारी

काल राणीचे पप्पा आले, दोन दिवसांची रजा काढून. राणी त्यांच्या पाठीवरून उतरत नाही. काल आणि आज तिला एकही आवाज आला नाही. धक्क्याने कान बसले की काय कोण जाणे, डॉक्टरला दाखवावं म्हणते. हे म्हणाले, असू दे. आणि तिच्याकडे बघत बसले.

महाशिवरात्रीमुळे सगळ्या बस औंढ्याच्या जत्रेला. पत्र उद्या टाकीन. आजच लिहिलं. नक्कल इथं उतरवते.

*मा. साहेब यांस सविनय जयभीम.*

*आमच्या गावात जमिनीतून आवाज येतात, त्याच्या वेळा आमच्या लेकरांनी लिहिल्या. सोबत रजिस्टर जोडलं आहे. ६ फेब्रुवारीपूर्वीच्या सगळ्या वेळा वीस मिनिटं पुढे आहेत, ती चूक माझी आहे, लेकरांची नाही. माझ्या मुलीच्या पाच नोंदी यंत्रात नसतील तरी तिला खोटी समजू नये.*

*१० तारखेची वेळ पावणेदोन आहे. ती सहा वर्षांच्या लेकराने पडत्या भिंतीखाली उभं राहून लिहिली. आपल्या यंत्राशी ती जुळते का, हे मला आता विचारायचं नाही. यापुढे आमची लेकरं वेळ लिहिणार नाहीत, कृपया कोणी मागू नये.*

*मी मॅट्रिक आहे, मला यातलं शास्त्र कळत नाही. आपल्याला कळतं. खिडकीवरच्या तीन विटा पडल्या, वरच्या अजून लटकत आहेत. त्या खोलीत एकोणीस लेकरांना बसवायचं का नाही, एवढं एक अक्षर लेखी हवं आहे. सोमवार, २३ तारखेला सकाळी दहा वाजता ती आत बसणार. नको असं लिहिलंत तर सर त्यांना समाजमंदिरात बसवतील. काही न लिहिलंत तर ती आत जातील, आणि धक्का बसला तर कोणत्या बाजूला पळतील ते मी सांगू शकत नाही.*

*आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. उलट टपाली कळवावे.*